हाक देऊन कायोटी बोलावणं: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात टेक्ससच्या रँचवर इलेक्ट्रॉनिक कॉलर (म्हणजे गळ्यातला पट्टा नव्हे, प्राण्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारं यंत्र) आणि डिकॉय (हलणारं खोटं भक्ष्य) लावून होणाऱ्या कायोटीच्या शिकारीबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. काही हौसेने लिहिलेली, काही चिडून, आणि काही थेट महाराष्ट्रातून. ज्यांनी कायोटी बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, आपल्या कोल्ह्यापेक्षा मोठा आणि लांडग्यापेक्षा लहान असा प्राणी, पश्चिमेकडे साधारण दहा ते चौदा किलोचा, पूर्वेकडच्या राज्यांत त्याहून थोराड कारण तिकडच्यात लांडग्याचं आणि कुत्र्याचं रक्त मिसळलंय, आणि हवाई सोडलं तर अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात आहे. आता प्रश्न.

प्रश्न: काका, ऑफिसमधल्या मित्राच्या ओळखीने पश्चिम टेक्ससमधल्या एका रँचवर जायला मिळालं. रिमोटवाला कॉलर नवीन घेतला, सशाच्या ओरडण्याचा आवाज फुल्ल लावला, दहा मिनिटं थांबलो, काही नाही. गाडी पुढे घेतली, तिथेही तेच. रँचवाला म्हणतो रोज रात्री ओरडतात. कॉलर खराब आहे का? – एक वाचक, डॅलस

कॉलर चांगला आहे. बहुतेक वेळा काय होतं माहितीये का, कायोटी आलेला असतो, फक्त तुम्हाला दिसायच्या आधी त्याला तुमचा वास लागतो आणि तो आला तसा निघून जातो. तुम्ही पत्रात आवाज लिहिला, व्हॉल्यूम लिहिला, मिनिटं लिहिली, पण वारा कुठून होता ते लिहिलेलंच नाही, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथे आहे.

कायोटी आवाजाच्या दिशेने सरळ चालत येत नाही, निदान वयाने मोठा झालेला तरी येत नाही. तो लांबून वळसा घालतो आणि आवाजाच्या पलीकडे, म्हणजे वारा जिकडे वाहतोय त्या बाजूला जाऊन नाक वर करतो, तिथून त्याला ससा आहे की माणूस आहे ते कळतं. म्हणून बसायचं असं की हा वळसा तुमच्या डोळ्यासमोर पडला पाहिजे. समजा वारा उजवीकडून डावीकडे वाहतोय, तर कॉलर स्वतःजवळ ठेवू नका, चाळीस-पन्नास यार्ड पुढे आणि उजवीकडे नेऊन ठेवा. मग कायोटी कॉलरचा वास घ्यायला डावीकडे सरकतो तेव्हा तो तुमच्या बरोबर समोरच्या मोकळ्या जागेत येतो, तुमच्या वासाच्या पट्ट्यात शिरायच्या आधी. रिमोट कशासाठी दिलाय, तर यासाठी. तोंडाने वाजवायच्या कॉलने, म्हणजे शिट्टीसारख्या साधनाने, शिकार करणाऱ्याला ही सोय नसते, आवाज तिथे तो स्वतः, त्यामुळे कायोटीची नजर सरळ त्याच्यावरच येते.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. गाडी टेकडीच्या किंवा झाडीच्या आड लावायची आणि दार आपटायचं नाही, आपटलंत तर तो स्टँड, म्हणजे बसायची ती जागा, गेला म्हणून समजा. झुडपाला पाठ टेकून सावलीत बसायचं, टेकाडाच्या माथ्यावर आकाश पाठीशी घेऊन कधीच नाही. सूर्य पाठीमागे असला तर उत्तम. आवाज आधी हळू लावायचा कारण जवळच्या ओढ्यात एखादा झोपलेला असेल तर फुल्ल आवाजाने तो उलटा पळतो, दोन-तीन मिनिटांनी वाढवायचा. आणि दहा मिनिटं कमी आहेत, कायोटीसाठी पंधरा ते वीस मिनिटं तरी बसा, रानमांजर म्हणजे बॉबकॅट हवा असेल तर अर्ध्या तासाच्या पुढे, ते फार सावकाश येतं. शांत सकाळी तुमचा आवाज खूप लांबवर जातो, त्यामुळे पुढचा स्टँड अर्धा-एक मैल सोडून घ्या, तेवढ्याच भागात पुन्हा पुन्हा वाजवून काही होत नाही.

अजून एक, समोर आल्यावर तो दुडकत चालत असतो आणि चालत्या जनावरावर बार टाकायचा मोह होतो. टाकू नका. तोंडाने कुत्र्यासारखा एक छोटा भुंकल्यासारखा आवाज काढा, बहुतेक वेळा तो क्षणभर थबकतो, तेव्हाच नेम घ्या, आणि तेव्हाही बाजू नीट दिसत नसेल तर सोडून द्या. आपण खोटा आवाज काढून त्याला बोलावलंय, तो भुकेने आलाय, जखमी करून मेस्कीटच्या काटेरी झुडपात मरायला सोडणं मला अजिबात चालत नाही आणि माझ्याबरोबर येणाऱ्यालाही मी ते चालू देत नाही.

प्रश्न: कॉलरमध्ये शेकडो आवाज आहेत, कुठला कधी लावायचा काही कळत नाही. – एक वाचक, ॲरिझोना

शेकडो लागत नाहीत, महिना कुठला चाललाय ते बघा, त्यावरून सात-आठ आवाजांत भागतं.

जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत त्यांचा जोडी जमायचा काळ. त्यावेळी त्यांच्या डोक्यात खाण्यापेक्षा हद्द आणि जोडीदार जास्त असतो, म्हणून सशापेक्षा कायोटीचीच हाक जास्त चालते, एकट्या कायोटीची लांब हाक, मादीची हाक, असं. हाक देऊन गप्प बसायचं आणि वाट बघायची, सारखी सारखी वाजवायची नाही. आणि आव्हान देणारी दांडगी हाक जपून, कारण त्या भागात तरुण, भित्रा जनावर असेल तर तो उलटा निघून जातो. गाभणकाळ साधारण त्रेसष्ट दिवसांचा, म्हणजे एप्रिल-मेमध्ये बिळात पिल्लं, साधारण पाच-सहा. उन्हाळ्यात पिल्लाच्या कण्हण्याचा आवाज लावला की नर-मादी दोघंही धावत येतात, आणि ज्या रँचवर कोकरं मारली जातायत तिथे हेच वापरतात. मला स्वतःला हा आवाज नुसत्या हौसेसाठी वापरलेला आवडत नाही. बिळात दूध पिणारी पिल्लं असताना आई मारायची तर त्याला तसंच कारण पाहिजे, मेंढपाळाचं नुकसान हे कारण झालं, शनिवार मोकळा आहे हे नाही झालं.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हा नवशिक्यांसाठी सगळ्यात चांगला काळ. त्या वर्षीची पिल्लं मोठी होऊन आईबापांपासून वेगळी व्हायला लागलेली असतात, भुकेली असतात, आणि त्यांनी कॉलर कधी ऐकलेला नसतो. सशाचा, उंदराचा, पक्ष्याचा, कुठलाही दुःखातला आवाज चालतो. डिसेंबरनंतर तीच जनावरं शहाणी झालेली असतात कारण आजूबाजूच्या प्रत्येकाने तोच सशाचा आवाज त्यांना ऐकवलेला असतो, एकदा बार चुकला की ते जनावर तो आवाज विसरत नाही. मग काहीतरी वेगळं लावावं लागतं, सुतारपक्षी, रानडुकराचं पिल्लू, हरणाचं पाडस, किंवा सरळ तोंडाचा साधा रीडचा कॉल, त्यात तुमचा श्वास कमीजास्त होतो आणि रेकॉर्डिंगसारखं तेच तेच ऐकू येत नाही. तोंडाचा कॉल पंधरा-वीस डॉलरला मिळतो, खिशात एक असू द्याच, थंडीत बॅटरी दगा देते तेव्हा तोच कामाला येतो.

प्रश्न: डिकॉय खरंच लागतो का, की दुकानदारांची विकायची युक्ती? – एक वाचक, कोलोराडो

दिवसा आणि मोकळ्या रानात लागतो, बाकी ठिकाणी फारसा नाही. डिकॉय म्हणजे बहुतेक काय असतं, एका तारेच्या टोकाला फरचा झुपका आणि खाली बॅटरीवर फिरणारी छोटी मोटर, तो झुपका थरथरत, उलटसुलट फिरत राहतो. त्याचं मुख्य काम कायोटीची नजर तुमच्यावरून काढून तिकडे खिळवून ठेवणं हे आहे. आवाज ऐकून तो येतो, शेवटच्या शंभर यार्डात तो आवाजाचं कारण डोळ्याने शोधायला लागतो, आणि तिथे काहीच हललं नाही तर पुढची हालचाल त्याला दिसते ती तुमच्या रायफलची. रंग त्याला आपल्याइतके दिसत नाहीत, पण हालचाल फार पटकन टिपतो. कॉलरच्या बाजूला डिकॉय ठेवला की तुम्हाला बंदूक वळवायला ते दोन-तीन सेकंद मिळतात.

दाट झुडपात डिकॉय दिसतच नाही त्यामुळे उपयोग शून्य. जोराच्या वाऱ्यात झुपका वेडावाकडा उडतो आणि बुजलेला जनावर अजून बुजतो, तेव्हा बंद ठेवा. काड्यांवर एखादं पीस बांधून टांगलं तरी बरंचसं काम होतं, आधी ते करून बघा आणि मग पैसे घाला. पश्चिमेकडे काही जण शिकवलेली कुत्री वापरतात, उन्हाळ्यात बिळाजवळ कुत्रा पुढे गेला की कायोटी त्याला हुसकावायला मागे लागतात आणि कुत्रा त्यांना मालकापर्यंत घेऊन येतो. ते वेगळंच शास्त्र आहे, अनुभवी माणसाबरोबर अनेक वर्षं काढल्याशिवाय त्यात पडू नका, कुत्रा फाडला जातो.

प्रश्न: मी एच-वन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आहे. मला बंदूक हातात घेता येते का? मित्र म्हणतो माझी वापर, काही होत नाही. – एक वाचक, ह्यूस्टन

मित्राचं ऐकू नका. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं बाळगणं हाच गुन्हा आहे, आणि मित्राची रायफल हातात घेतली तरी कायद्याच्या दृष्टीने ते बाळगणंच झालं. यात एच-वन-बी आला, एच-फोर (त्याच्या कुटुंबाचा व्हिसा) आला, विद्यार्थी व्हिसा पण आला. पण त्याच कायद्यात एक अपवाद आहे: अमेरिकेतल्या कुठल्या राज्याचं वैध हंटिंग लायसन्स तुमच्या नावावर असेल तर ही बंदी लागू होत नाही. म्हणजे आधी लायसन्स, मग बंदुकीला हात, हा क्रम कधीही उलटा करायचा नाही. आणि लायसन्सची मुदत संपली आणि रायफल घरात कपाटात तशीच राहिली तर तुम्ही पुन्हा गुन्ह्यात आलात, हे फार लोकांच्या लक्षात येत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही.

टेक्ससमध्ये २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो, सतरा वर्षं आणि त्यापुढच्यांना तो ऑनलाइन करता येतो. कायोटीला तिथे वर्षभर परवानगी आहे, संख्येची मर्यादा नाही, इलेक्ट्रॉनिक कॉलर चालतो. पण जमीन जवळजवळ सगळी खाजगी आहे त्यामुळे मालकाची परवानगी घेतल्याशिवाय कुंपण ओलांडायचं नाही. दुसऱ्या राज्यात गेलात तर सगळं पुन्हा वाचा. न्यूयॉर्कमध्ये कायोटीचा मोसम ऑक्टोबरपासून मार्चअखेरपर्यंतच आहे, कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, न्यू जर्सीत रायफल विकत घ्यायची तर पोलिसांकडून वेगळं ओळखपत्र काढावं लागतं. आणि बदकांच्या शिकारीला जाताना हा कॉलर गाडीतून काढून ठेवा, स्थलांतरित पक्ष्यांसाठी रेकॉर्ड केलेला आवाज वापरायला केंद्रीय कायद्यानेच बंदी आहे, काही ठरावीक कलहंस (गीज) सोडले तर. व्हिसाचा प्रश्न असल्यामुळे एकदा इमिग्रेशन वकिलाला विचाराच, त्याच्या फीपेक्षा तुमचं इथलं राहणं महाग आहे.

प्रश्न: आमच्या कॉलनीच्या मागे कायोटी दिसतात, मुलगा पाच वर्षांचा आहे, घरात छोटा कुत्रा आहे. मिस्टर म्हणतात कॉलर आणून त्यांना बोलावू आणि घाबरवून हाकलू. – एक वाचक, न्यू जर्सी

ताई, कॉलर आणू देऊ नका. सशाच्या ओरडण्याने तुम्ही त्यांना हेच शिकवाल की या परसात खायला मिळतं. भीती मनात राहतेच असं नाही, जागा मात्र नक्की लक्षात राहते.

तुमची काळजी खरी आहे, पण ती थोडी कमी करा. माणसाचा जीव कायोटीने घेतल्याच्या नोंद झालेल्या घटना अमेरिका आणि कॅनडा मिळून दोनच आहेत, एक १९८१ साली कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेलला तीन वर्षांच्या मुलीची, दुसरी २००९ साली कॅनडात केप ब्रेटनला एकोणीस वर्षांच्या तरुणीची. छोट्या कुत्र्याला मात्र धोका खरोखर आहे, त्याला पहाटे आणि संध्याकाळी एकट्याला अंगणात सोडू नका, फिरवताना लांबत जाणारा पट्टा नको, आखूड पट्टा ठेवा. शिकागोच्या परिसरात २००० सालापासून स्टॅन्ली गेर्ट आणि त्यांचे सहकारी कायोटींच्या गळ्यात रेडिओ पट्टे बांधून अभ्यास करतायत, त्यात त्यांच्या विष्ठेत सापडलेलं खाणं बहुतांश उंदीर, ससे, हरणं आणि फळं असंच निघालं, मांजरांचे अवशेष एखाद-दोन टक्क्यांत.

दिसला तर पळू नका, मुलाला उचलून घ्या, हात वर करून मोठ्याने ओरडा, डबा बडवा, त्याच्याकडे पाणी उडवा, आणि तो दिसेनासा होईपर्यंत थांबू नका. अर्धवट हाकललं तर तो पुढच्या वेळी अजून जवळ येतो. मांजराचं खाणं रात्री बाहेर ठेवू नका, झाडाखाली पडलेली फळं उचला, आणि कॉलनीत कोणी मुद्दाम खायला घालत असेल तर ते आधी थांबवा, बहुतेक तंटा तिथून सुरू होतो.

प्रश्न: आमच्या उसात कोल्हे फार झालेत, मका आणि कलिंगडाची नासाडी करतात. असलं मशीन इकडे मागवून त्यांना एका जागी बोलावता येईल का? – एक शेतकरी वाचक, सोलापूर जिल्हा

दादा, मागवू नका, आणि कोणी विकायला आलं तरी घेऊ नका. कोल्हा आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, आणि त्या कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं एवढंच धरलेलं नाही, पकडणं, फास लावणं, हुसकावून नेणं, आमिष दाखवणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं हे सगळं शिकारीतच येतं. अमेरिकेत कायोटीला बऱ्याच राज्यांत कसलंच संरक्षण नाही म्हणून तिकडे हा धंदा उघड चालतो, इकडचा कायदा वेगळा आहे आणि तो वेगळा आहे हे मला बरं वाटतं.

कोल्हा काकडीला राजी ही म्हण आपल्या शेतकऱ्यांनी बघूनच केलेली आहे, तो फळं खातो, मका खातो, ऊसही चावतो, तुमचं नुकसान मी नाकारत नाही. पण त्याच उसातले उंदीर आणि घुशी पण तोच खातो. कलिंगडाचा हंगाम काही आठवड्यांचा असतो, तेवढ्यापुरतं रात्री दिवा, राखण, बारीक जाळीचं कुंपण याने बरंच भागतं. मेलेली कोंबडी आणि पोल्ट्रीची घाण बांधावर टाकणं बंद करा, कोल्हे वस्तीजवळ त्याच्यासाठी येतात. एखादा कोल्हा दिवसाढवळ्या माणसाच्या अंगावर धावून आला तर पिसाळलेला असू शकतो, चावला तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, त्याच दिवशी इंजेक्शन घ्या, आणि वनखात्याला १९२६ वर फोन करा.

आवाजाचा चांगला उपयोगही आहे म्हणून सांगतो. युरोपात ग्रीस, हंगेरी अशा देशांत अभ्यासक रात्री कोल्हेकुईचं रेकॉर्डिंग लाऊडस्पीकरवर वाजवतात आणि किती कळपांकडून उत्तर येतं त्यावरून कोल्ह्यांच्या संख्येचा अंदाज बांधतात. तेच यंत्र, पण परवानगी घेऊन आणि बंदुकीशिवाय.

प्रश्न: तुम्ही ज्याला कौशल्य म्हणता ती फसवणूक आहे. दुःखात ओरडणाऱ्या प्राण्याचा आवाज लावून दुसऱ्याला मारायचं, आणि वर सांगायचं संख्या कमी करतो. लाज वाटायला हवी. – एक वाचक, कॅलिफोर्निया

पत्र पूर्ण छापायला सांगितलं होतं, जागेअभावी एवढंच आलं. तुमच्या पत्रातला दुसरा भाग मला पूर्ण मान्य आहे, पहिला अर्धा.

संख्या कमी करतो असं जो शिकारी म्हणतो त्याने आकडे बघितलेले नाहीत. अमेरिकेच्या केंद्र सरकारचं वाइल्डलाइफ सर्व्हिसेस हे खातं एकटं दरवर्षी साधारण साठ हजारांच्या आसपास कायोटी मारतं, शिकाऱ्यांचे वेगळे, आणि हे दशकानुदशकं चालू आहे, तरी कायोटी गेल्या शंभर वर्षांत पश्चिमेच्या माळरानातून अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत आणि खाली पनामापर्यंत पसरला. लांडगे मारून संपवले त्याने त्याला जागा मोकळी झाली. गाय कॉनली आणि विल्यम लाँगहर्स्ट या अभ्यासकांनी १९७५ मध्ये गणित मांडलं होतं की संख्या खरंच खाली आणायची तर दरवर्षी पाऊण हिस्सा मारावा लागेल, आणि तेही वर्षानुवर्षं. त्यापेक्षा कमी मारले तर उरलेल्यांना खाणं जास्त मिळतं, जास्त पिल्लं जगतात, तरुण माद्याही वितात, आणि रिकाम्या हद्दीत बाहेरचे येऊन बसतात. म्हणून कॉलर घेऊन जाईल तिथे दिसेल तो मारणं याने मेंढपाळाचं काही भलं होत नाही. उलट कोकरांना हात न लावणारी जोडी मारली तर तिच्या जागी कोण येईल सांगता येत नाही. भलं होतं ते मेंढ्या व्यायच्या हंगामात, त्याच कुरणातल्या त्याच जोडीला नेमकं काढल्याने, आणि त्याच्या जोडीला ग्रेट पिरेनीजसारखे राखणीचे कुत्रे आणि रात्री बंद वाडा असेल तर.

फसवणुकीचं म्हणाल तर हो, आवाज खोटा आहे. पण वारा खरा असतो, त्याचं नाक खरं असतं, आणि बहुतेक वेळा तोच जिंकून जातो, दिवसाच्या शिकारीत तरी. रात्री थर्मल स्कोप (अंगाची उष्णता दाखवणारी दुर्बीण) लावून बसलेल्यांबद्दल मला तितकं बरं वाटत नाही, त्यात त्याचे डोळे आणि अंधार दोन्ही काढून घेतले जातात, शिवाय थर्मलमध्ये उजळ ठिपका दिसतो, तो कायोटी आहे, रँचवाल्याचा कुत्रा आहे की दुसरा शिकारी आहे हे ओळखायच्या आत ट्रिगर दाबलेले लोक आहेत. नॉर्थ कॅरोलायनात रानात उरलेले मोजके रेड वुल्फ (लाल लांडगे) कायोटी समजून मारले गेलेत. जे नीट ओळखता येत नाही त्यावर बार नाही, याला कुठलाही अपवाद मी मानत नाही.

फरचं कारणही आता फारसं उरलेलं नाही. मोठ्या जॅकेटवाल्या कंपन्या टोपीच्या कडेला कायोटीची फर लावायच्या तोवर कातड्याला भाव होता, कॅनडा गूसने २०२१ मध्ये फर विकत घेणं थांबवलं आणि बाजार बसला. आणि जास्तीत जास्त मारेल त्याला बक्षीस अशा ज्या स्पर्धा भरतात त्या तुमच्या कॅलिफोर्नियाने २०१४ मध्येच बंद ठरवल्या, मग व्हर्मॉन्ट, न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोराडो, २०२३ मध्ये न्यूयॉर्कने कायदा केला. टेक्ससमध्ये अजून चालतात. मेंढपाळाने बोलावलं आणि त्याच्या कुरणात मारलेली कोकरं दाखवली तर मी कॉलर घेऊन जातो. स्पर्धेला जात नाही, आणि त्यांच्या जाहिराती या पानावर घेऊ नका असं संपादकांना लिहून दिलंय.